न्यूजलेटरसाठी होस्टिंग कोणतं घ्यावं? आधी मेल कुठून निघतो ते बघा

रेंज जात-येत असल्यामुळे ज्यांना हा भाग नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना राहून गेलेले दोन-चार आकडे यात घातलेत, बाकी गप्पा त्याच.

यावेळचा प्रश्न माहूरहून आलाय. "दादा, एका कंपनीचा वर्षाला दीड हजारात होस्टिंगचा प्लॅन आहे. अनलिमिटेड वेबसाइट, अनलिमिटेड ईमेल. घेऊन टाकू का?" विचारणारी मुलगी स्वतः स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. माहूर-किनवट भागातल्या पोरापोरींना भरतीच्या जाहिराती, शिष्यवृत्तीच्या तारखा, कोणत्या फॉर्मला कोणता दाखला लागतो, हे सगळं एका मेलमध्ये रोज सकाळी पाठवायचं असं तिच्या डोक्यात आहे. पैसे कुणाकडून घेणार नाही. तीन हजार पत्ते जमलेत.

आता हे बघा, एखाद्या कपड्याच्या दुकानाचा मेल स्पॅममध्ये गेला तर फार तर एक ऑफर हुकते. हिचा मेल स्पॅममध्ये गेला तर नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्यासाठी तहसीलला वेळेत कोणी जात नाही आणि फॉर्मची तारीख निघून जाते. पाठवणारीला वाटतं पोचला, आणि ज्याच्यासाठी पाठवला त्याला असा मेल आला होता हेच माहीत नसतं. म्हणून प्रश्न स्वस्त-महागाचा नाही, पोचण्याचा आहे.

पहिली गोष्ट, "अनलिमिटेड ईमेल" या शब्दाची. जाहिरातीत ते लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ईमेल अकाउंटबद्दल. म्हणजे तुमच्या डोमेनवर माहिती, संपर्क, संपादक असे कितीही मेलबॉक्स उघडा. कितीही मेल *पाठवा* असं त्यांनी म्हटलेलं नसतं. पाठवायची मर्यादा वापराच्या अटींमध्ये खाली कुठेतरी असते, आणि ती तासाच्या हिशोबाने असते. शेअर्ड प्लॅनवर तासाला काही शे मेल, बस. समजा तासाला ३०० ची परवानगी आहे. तीन हजार मेलना दहा तास. सकाळी सातला सुरू केलेला मेल शेवटच्या माणसाला संध्याकाळी पाचला मिळणार. फॉर्मची मुदत त्याच दिवशी संपत असेल तर काय उपयोग? काही कंपन्या जादा मेल रांगेत ठेवतात, काही सरळ परत फेकतात, आणि काही तर अकाउंटच बंद करतात. मग त्या मेलसोबत वेबसाइटही झोपते.

पण मर्यादा ही यातली छोटी अडचण आहे. मोठी अडचण शेजाऱ्यांची.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट, आणि सहसा त्या सगळ्यांचे मेल एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर पडतात. त्यातल्या एकाच्या जुन्या वर्डप्रेसमध्ये कुणी घुसलं आणि रात्रभरात लॉटरीचे मेल सोडले, की स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत तो आयपी जातो. एका वाड्यात दहा भाडेकरू आहेत, एकाने किराणावाल्याची उधारी बुडवली, आणि दुकानदार म्हणतो, "त्या वाड्यातल्या कुणालाच उधार नाही." तसंच. तुम्ही काही केलं नाही, पण पत्ता तोच आहे ना. जीमेलला तुमचा प्लॅन किती जीबीचा आहे, सर्व्हर किती फास्ट आहे, याचं काही देणंघेणं नाही. तो बघतो, हा आयपी कोणाचा, हे डोमेन कोणाचं, आणि आजवर यांनी काय काय पाठवलं. मेलसाठी तुम्ही जे विकत घेता ते खरं तर हे, कुणाची तरी पत.

मग पुढचा प्रश्न कमेंटमध्ये दरवेळी येतोच: "स्वतःचा सर्व्हर घेतला तर? व्हीपीएस घेऊ, त्यावर पोस्टफिक्स टाकू, आयपी आपला एकट्याचा." इंजिनिअरिंगच्या पोरांना हे लई आवडतं. मलाही आवडतं. पण एडब्ल्यूएस, गूगल क्लाउड, डिजिटलओशन, सगळे पोर्ट २५ सुरुवातीला बंद ठेवतात. एका मेल सर्व्हरने दुसऱ्याकडे मेल सोपवायचं दार म्हणजे हे पोर्ट. बंद का? कारण स्वस्तात सर्व्हर घ्यायचा, दोन दिवस स्पॅम सोडायचा आणि पळायचं, हा धंदा खूप झाला. एडब्ल्यूएसकडे अर्ज करून ते उघडून मागता येतं. गूगल क्लाउड सांगतो, दुसऱ्या पोर्टने मेल सेवेकडे द्या, ती पुढे नेईल.

माहूरकरांना हे चटकन कळेल. नवरात्रात गर्दी झाली की खासगी गाड्या खालीच थांबवतात, गडावर जायचं तर एसटीने. तुमची गाडी कितीही नवी असो. इथे एसटी म्हणजे ॲमेझॉन एसईएससारखी मेल पाठवणारी सेवा. तुमच्या सर्व्हरने पोर्ट ५८७ वरून मेल तिच्याकडे द्यायचा, घाटातून पुढे ती नेणार.

पोर्ट २५ मिळालंच तरी नव्या आयपीची पाटी कोरी असते, आणि या व्यवहारात कोरी पाटी म्हणजे संशय. आठवडेच्या आठवडे थोडे थोडे मेल पाठवून ओळख तयार करावी लागते. शिवाय आयपीवरून नाव शोधलं तर तुमचं डोमेन निघालं पाहिजे, आणि डोमेनवरून शोधलं तर तोच आयपी. रिव्हर्स डीएनएस म्हणतात ते हे. घरच्या वायफायवरून पाठवायचा विचार तर सोडूनच द्या. घरगुती कनेक्शनच्या आयपींची स्पॅमहाउसकडे वेगळी यादीच आहे, "इथून थेट मेल यायला नको" अशी.

थोडक्यात, वेबसाइटचं होस्टिंग आणि मेल पाठवणं या दोन वेगळ्या खरेद्या आहेत. तिला मी हेच सांगितलं: दीड हजाराचा प्लॅन घे, वाईट नाही, पण त्यावर फक्त साइट ठेव.

आता पाठवायचं कशातून. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० लोकांपर्यंतच जाता येतं, पैसे देऊन गूगल वर्कस्पेस घेतलं तर २,००० मेल. दोन्ही माणसाने माणसाला लिहायला आहेत, न्यूजलेटरला नाहीत. तयार सेवा बऱ्याच आहेत: ब्रेवो, मेलचिंप, आपल्याकडच्या झोहोचं कॅम्पेन्स. यात नोंदणीचा फॉर्म, टेम्पलेट, रिपोर्ट, सगळं एका जागी मिळतं, आणि मोबाईलवरूनही काम होतं. आठवड्यातून एकदा दोन-तीनशे लोकांना पाठवणार असाल तर डोकं लावू नका, यातलंच घ्या. ब्रेवोच्या फुकट प्लॅनमध्ये दिवसाला ३०० मेल जातात. झोहोचीच झेप्टोमेल नावाची सेवा स्वस्त दिसेल, पण ती ओटीपी, पावती असल्या मेलसाठी आहे. न्यूजलेटर तिथून पाठवायचं नसतं. असल्या अटी वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि अकाउंट बंद पडलं की पाच दिवस.

आमच्या माहूरवालीचं गणित वेगळं. रोज तीन हजार म्हणजे महिन्याला ९०,००० मेल. एवढ्याला तयार सेवांचा भाव चढत जातो, आणि हिची कमाई शून्य. ॲमेझॉन एसईएस हजार मेलला १० सेंट घेतं, म्हणजे ९०,००० ला ९ डॉलर. वर जीएसटी. मुंबईतून पाठवायची सोयही आहे. पण एसईएस म्हणजे नुसतं इंजिन. यादी सांभाळणं, मेल सजवणं, हे त्यात नाही. त्यासाठी लिस्टमंक नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, झिरोधाचे सीटीओ कैलाश नाध यांनी बनवलेलं. महिना चार-पाच डॉलरच्या व्हीपीएसवर आरामात चालतं. मेल बाहेर पाठवायचं काम ते एसईएसवर सोपवतं, त्यामुळे पोर्ट २५ ची भानगडच नाही.

एसईएस सुरुवातीला तुम्हाला अंगणातच खेळवतं. दिवसाला २०० मेल, तेही आधी पडताळलेल्या पत्त्यांवरच. बाहेर पडायला अर्ज करावा लागतो: काय पाठवणार, पत्ते कसे गोळा केले, परत आलेल्या मेलचं काय करणार. इथे "मार्केटिंग" असा एक शब्द लिहून मोकळे होऊ नका. जे करताय ते चार वाक्यांत लिहा. समोर माणूस वाचणार असं समजून लिहा.

आता ज्या भागासाठी तुम्ही थांबलात तो, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. नावं अवघड, गोष्ट सोपी.

मेल ज्या नियमांनी चालतो तो एसएमटीपी जॉन पोस्टेलने १९८२ साली लिहिला. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संस्था, सगळे एकमेकांना ओळखणारे. म्हणून पाठवणाऱ्याचं नाव खरं की खोटं हे तपासायची सोयच ठेवली नाही. आजही कोणीही तुमच्या नावाने मेल लिहू शकतो. पत्राचं उदाहरण घ्या. पाकिटावर परतीचा पत्ता असतो, आणि आत कागदावर पाठवणाऱ्याचं नाव. दोन्ही वेगळी असू शकतात, मेलमध्येही असतात. एसपीएफ पाकीट बघतो: या परतीच्या पत्त्याच्या डोमेनने या सर्व्हरला पाठवायची परवानगी दिलीय का? डीकेआयएम म्हणजे कागदावर लाखेचा शिक्का: मजकूर वाटेत बदललेला नाही आणि अमुक डोमेनने सही केलीय. आणि डीमार्क विचारतो, वाचणाऱ्याला जे नाव दिसतंय, त्याच्याशी पाकीट किंवा शिक्का यातलं एक तरी जुळतं का? जुळत नसेल तर काय करायचं, तेही डोमेनचा मालकच सांगून ठेवतो: नुसतं कळवा, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा.

तिन्हींच्या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये टाकायच्या, सेवा तुम्हाला तयार ओळी देते. दोन ठिकाणी लोक अडकतात. एक, एसपीएफचं रेकॉर्ड एका डोमेनला एकच हवं. होस्टिंगवाल्याचं आधीच असतं, त्याच्याखाली दुसरं चिकटवलं की दोन्ही बाद. एकाच ओळीत दोघांना बसवायचं, आणि त्यातून होणाऱ्या डीएनएसच्या चौकश्या दहाच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. दोन, पाठवणारा म्हणून स्वतःचा जीमेलचा पत्ता ठेवून मेल दुसऱ्या सेवेतून सोडायचा नाही. जीमेल हे डोमेन गूगलचं, त्याचा शिक्का तुमच्याकडे नाही. याहूने तर २०१४ मध्येच असले मेल परत पाठवायचा नियम लावला होता. स्वतःचं डोमेन लागतंच. होस्टिंगवर शंभर रुपये वाचवा, डोमेनवर नका वाचवू.

जमलं की नाही हे कळायला स्वतःलाच एक मेल पाठवा, तो जीमेलमध्ये उघडा आणि "शो ओरिजिनल" दाबा. तिन्हींपुढे "पास" दिसलं पाहिजे. मोबाईलच्या ॲपमध्ये हा पर्याय दिसत नाही, म्हणून क्रोममध्ये "डेस्कटॉप साइट" करून उघडा.

हे आता ऐच्छिकही राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांवर तिन्ही बंधनकारक केलं, आणि सोबत एका क्लिकमध्ये नाव काढून घ्यायची सोय. गूगलच्या लेखी मोठं म्हणजे दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर ५,००० च्या आसपास. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुकच्या पत्त्यांसाठी तसाच नियम आणला. तीन हजारवाली अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे, पण एकदा ५,००० ला पोचलं की गूगल तुम्हाला कायमचं मोठ्यांत धरतं, दुसऱ्या दिवशी पन्नासच पाठवले तरी. मग पहिल्याच दिवशी नीट केलेलं काय वाईट?

त्याच नियमात एक आकडा आहे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. "स्पॅम आहे" असं बटण दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका. तीन हजारांत ०.१ टक्का म्हणजे तीन माणसं. फक्त तीन! गावातले तीन मित्र चिडले तरी झालं.

म्हणून मी तिला यादीबद्दल विचारलं. पत्ते आले कुठून? काही तिच्या गूगल फॉर्मवरून, ठीक. पण बरेचसे एका क्लासच्या रजिस्टरमधून आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका एक्सेल फाइलमधून. काहून गं, या लोकांनी तुला सांगितलं होतं का मेल पाठव म्हणून? नाही. मग ती तीन हजारांची यादी नाही, जे स्वतःहून आले तेवढीच यादी. चांगल्या कामासाठी असलं तरी न विचारता पाठवलेला मेल तो न विचारताच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीवर भर आहे, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती परत घेणं सोपं असलं पाहिजे असं त्यात स्पष्ट आहे.

आपल्या भागातली अजून एक खास गोष्ट. फॉर्म भरायला पोरगं ई-सेवा केंद्रात जातं, तिथला माणूस दोन मिनिटांत नवा जीमेल उघडून देतो, पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो. पुढच्या भरतीला पुन्हा नवा. एकेकाचे चार-चार पत्ते, आणि उघडून बघतो एकही नाही. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला लागलंय. असल्या पत्त्यावर पाठवलेला मेल परत येतो. परत येणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की एसईएस तुमचं खातं तपासणीत घेतं, १० टक्क्यांवर पाठवणंच थांबवू शकतं. तीन हजारांतले दीडशे मेले पत्ते पुरे आहेत. उपाय जुनाच आहे: नाव नोंदवलं की एक मेल जाऊ द्या, "हो, मला हवंय" वर बोट लावेल तोच यादीत. यादी अर्ध्यावर येईल. येऊ द्या. लिस्टमंकमध्ये ही सोय आहे, आणि परत आलेले पत्ते एसईएसकडून कळवून घेऊन आपोआप बाद करायचीही आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, जी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. १०२ केबीच्या वर गेलेला मेल जीमेल कापतो आणि खाली "पूर्ण मेल बघा" अशी लिंक देतो. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. "माहूर" हा शब्द काना आणि उकार धरून पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइट. त्यावर काही एडिटर देवनागरीचं कोडमध्ये रूपांतर करतात: अँपरसँड, हॅश, चार आकडे, सेमीकोलन. एका चिन्हाला सात बाइट. मग "माहूर" ३५ बाइटचा! एवढ्यात लांबलचक जाहिरातींचा मेल सहज कापला जातो. आणि कापला की काय जातं? सगळ्यात खालची "नाव काढा" ही लिंक. ती न सापडलेला माणूस वैतागून स्पॅमचं बटण दाबतो, आणि आपल्याकडे तर तीनच माणसांची मुभा आहे. तेव्हा मेल आखूड ठेवा, सविस्तर साइटवर द्या, आणि नाव काढायची लिंक वरती पण एकदा द्या.

पीडीएफ जोडू का, हेही तिने विचारलं. नको. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी संस्था मराठी पुस्तकांच्या पीडीएफ वाचकांना फुकट देते म्हणून वाचकांना पीडीएफची सवय आहे, ते खरं. पण दोन एमबीची जाहिरात तीन हजार मेलना जोडली तर रोजचे सहा जीबी. एसईएस जोडलेल्या फाइलचे जीबीला १२ सेंट वेगळे लावतं, म्हणजे ३० सेंटच्या मेलवर ७० सेंटची फाइल. आणि गावात नेट हळू चालतं तेव्हा ती उघडणाऱ्याचा त्रास वेगळाच. फाइल साइटवर ठेवायची, मेलमध्ये लिंक द्यायची. तो दीड हजाराचा प्लॅन इथे कामाला येतो.

पाठवायला सुरुवात करताना जे नक्की वाचणार त्यांनाच आधी: पहिले दोन दिवस शंभर, मग अडीचशे, मग पाचशे. रोज एकाच वेळेला. न्यूजलेटरसाठी डोमेनचा वेगळा सबडोमेन घ्या, म्हणजे त्याला काही झालं तरी तुमच्या रोजच्या मेलला कमी धक्का बसतो. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे, तिथे डोमेन जोडून ठेवा. मेल थोडे असतील तोवर तिथे फारसं काही दिसणार नाही, पण वाढले की स्पॅमचा टक्का तिथेच कळतो.

आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाईल नंबरवर घ्या, "आम्हीच घेऊन देतो" म्हणणाऱ्याच्या नावावर नाही. सेवा आवडली नाही तर यादी उचलून दुसरीकडे जाता येतं, कारण नाव तुमचं असतं. रिन्यूअलची तारीख मोबाईलमध्ये महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट टाका. डोमेन सुटलं तर ते विकत घेणारा दुसऱ्या दिवसापासून तुमच्याच नावाने, सगळे शिक्के बरोबर असलेले मेल पाठवू शकतो.